माँटिसेलोचा बल्लव : जेम्स हेमिंग्ज

अमेरिकन स्वयंपाक म्हटला की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढे डबाबंद पदार्थ आणि घाईघाईने उरकायची उपाहारगृहे येतात. वस्तुतः त्या खंडप्राय देशात प्रांताप्रांताची चव वेगळी आहे आणि प्रत्येक चवीमागे एक इतिहास उभा आहे. न्यू इंग्लंडमध्ये काकवी घालून रात्रभर भट्टीत मुरवलेले घेवड्याचे दाणे खाल्ले जातात, कारण तेथील कर्मठ ख्रिस्ती वसाहतकारांना रविवारी चूल पेटवणे मान्य नव्हते. शनिवारी रात्री ठेवलेले मडके दुसऱ्या दिवशी उघडले की काम भागे. दक्षिण कॅरोलिनात भाताचे राज्य आहे, लुइझियानात भेंडीने दाट केलेल्या गम्बो नावाच्या रश्श्याचे, तर व्हर्जिनियात धुरावर टांगून टिकवलेल्या डुकराच्या मांडीचे आणि मक्याच्या भाकरीचे. मका तेथील मूळ रहिवाशांनी दिला. भाजण्या-वाफवण्याच्या रीती इंग्लंडहून आल्या. भेंडी, चवळी आणि तीळ मात्र आफ्रिकेतून गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांबरोबर गेले. गम्बो हा शब्दही आफ्रिकेतील भेंडीच्या नावावरून आला आहे, आणि तिळाला दक्षिण कॅरोलिनात अजूनही बेनी या आफ्रिकी नावाने ओळखतात. ज्या भाज्या व कडधान्ये आपण पिढ्यान्‌पिढ्या परसातली म्हणून खात आलो, त्यांनी सातासमुद्रापलीकडे केवढा वनवास पाहिला हे मनात आले म्हणजे जेवणाच्या ताटाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते.

दक्षिणेकडील या साऱ्या पाकपरंपरेचे कर्ते बहुतांशी निनावी राहिले. मळेवाल्यांच्या वाड्यांत चुलीपुढे जे राबले त्यांना कायद्याने लिहायला-वाचायला शिकण्याची सोय नव्हती; पाककृती लिहून ठेवल्या त्या घरच्या मालकिणींनी, आणि पुढे छापल्या गेल्या त्याही त्यांच्याच नावावर. या निनावी मांदियाळीत एक नाव मात्र कागदोपत्री स्पष्टपणे उरले. ते जेम्स हेमिंग्ज याचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनचा तो आचारी होता, आणि जेफर्सनचा गुलामही होता.

जेम्सचा जन्म १७६५ सालचा. त्याची आई एलिझाबेथ हेमिंग्ज ही व्हर्जिनियातील एक धनाढ्य वकील व मळेवाला जॉन वेल्स याच्या मालकीची गुलाम स्त्री. कुटुंबात चालत आलेल्या माहितीप्रमाणे तिची आई आफ्रिकेतून आणलेली होती आणि बाप एका इंग्रज जहाजाचा कप्तान होता. वेल्सच्या तीन बायका एकामागून एक निवर्तल्यानंतर त्याने एलिझाबेथला जवळ केले आणि तिला त्याच्यापासून सहा मुले झाली. जेम्स त्यांपैकी एक. वेल्सची विवाहसंबंधातून झालेली थोरली कन्या मार्था ही जेफर्सनची पत्नी. १७७३ साली वेल्स मरण पावला, तेव्हा जमिनीबरोबर, कर्जाबरोबर आणि घरातील चीजवस्तूंबरोबर एलिझाबेथ आणि तिची मुलेही वारसाहक्काने जेफर्सनच्या पदरी पडली. म्हणजे आठ-नऊ वर्षांचा जेम्स माँटिसेलोच्या टेकडीवर आला तो आपल्याच सावत्र बहिणीचा गुलाम म्हणून. नात्याची ही गुंतागुंत त्या काळातील व्हर्जिनियात अपवादात्मक नव्हती. ती सर्वांना ठाऊक असे आणि तिचा उच्चार कोणी करीत नसे.

हेमिंग्ज कुटुंबाला शेतातील कष्टाचे काम सहसा दिले जात नसे. जेम्स आणि त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट हे घरातील खाजगी सेवेत वाढले. जेफर्सन १७७९ साली व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला तेव्हा हे दोघे पोरसवदा भाऊ त्याच्याबरोबर विल्यम्सबर्गला आणि पुढे रिचमंडला गेले. मुलगा चलाख आहे, हाताला गुण आहे, हे धन्याच्या ध्यानात आले असावे. १७८२ साली मार्था निवर्तली. दोनच वर्षांनी अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून जेफर्सनला फ्रान्सला जाण्याचा हुकूम झाला आणि त्याने जेम्सला बोलावून घेतले. फ्रेंच पाककला शिकवून त्याला तयार करायचे, हा हेतू पहिल्यापासून ठरलेला होता. ५ जुलै १७८४ रोजी बोस्टनहून जहाज सुटले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ही मंडळी पॅरिसला पोहोचली. जेम्स तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

पॅरिसमधील ही पाच वर्षे जेम्सच्या आयुष्यातील खऱ्या घडणीची होत. प्रथम तो कोंबो नावाच्या, घरोघर जेवण पुरवणाऱ्या एका व्यावसायिकाकडे उमेदवारी करू लागला. त्यानंतर पेस्ट्री व मिष्टान्ने करणाऱ्या कारागिराकडे, आणि पुढे राजघराण्यातील प्रिन्स द काँदे याच्या आचाऱ्याच्या हाताखाली त्याने शिक्षण घेतले. या काँदेचा शाँतियीचा वाडा मेजवान्यांसाठी साऱ्या फ्रान्सात नावाजलेला होता.

जेम्स जे शिकला ते केवळ नव्या पदार्थांची यादी नव्हती. व्हर्जिनियात स्वयंपाक होई तो भिंतीतल्या प्रशस्त चुलाण्यात, लाकडाच्या ओंडक्यांवर आणि निखाऱ्यांवर. तेथे मांस भाजावे, मोठ्या हंड्यात रस्सा शिजवावा, पण लोणी आणि अंड्याच्या बलकाचा नाजूक सॉस करायचा तर आच हातात राहत नाही. फ्रेंच मुदपाकखान्यात कमरेइतक्या उंचीचा विटांचा ओटा असे. त्यात ओळीने चौकोनी भोके आणि प्रत्येक भोकाखाली कोळशाच्या निखाऱ्यांची स्वतंत्र जाळी. आपल्याकडील शेगड्या एका रांगेत ओट्यात बसवाव्यात तसा तो प्रकार. एका शेगडीवर मंद आच, दुसरीवर प्रखर, तिसरीवर नुसती धग, आणि आचारी ताठ उभा राहून तांब्याची पातेली इकडून तिकडे हलवणार. पुढे जेम्सने अमेरिकेत नेली ती ही सारी रीत.

१७८७ साली शाँज-एलिझे मार्गावरील होतेल द लांजाक या जेफर्सनच्या निवासस्थानात तो मुख्य आचारी झाला. त्याला महिना चोवीस लिव्हर पगार मिळू लागला. त्याच्याआधीच्या आचाऱ्याच्या मानाने ही रक्कम कमी होती खरी. तरी ज्याच्या देहावरही स्वतःची मालकी नाही अशा माणसाच्या हातात दरमहा नाणी पडू लागणे ही गोष्ट सामान्य म्हणता येणार नाही. त्यातील काही पैसे त्याने फ्रेंच व्याकरण शिकवणाऱ्या एका शिक्षकावर खर्च केले. नुसते कामापुरते बोलता आले असते तर आचाऱ्याचे अडले नसते. त्याला भाषा नीट यावी असे वाटत होते. याच शिक्षकाने १७८९ च्या आरंभी जेफर्सनकडे तक्रार केली की थकलेली फी मागायला गेलो असता तुमच्या आचाऱ्याने मला लाथाबुक्क्यांनी तुडवले. चरित्रनायकाचे दोष झाकण्याची आपल्याकडे प्रथा आहे, परंतु येथे तसे करण्याचे कारण नाही. जेम्स तापट होता, मानी होता.

पॅरिसमध्ये आणखीही एक गोष्ट त्याच्या हाताशी होती. फ्रान्सच्या भूमीवर गुलामगिरी मानली जात नाही असे तेथील न्यायालयांचे जुने तत्त्व होते, आणि गुलामाने अर्ज केला तर पॅरिसमध्ये त्याला स्वातंत्र्य मिळून जाई. जेफर्सनला हे पक्के ठाऊक होते. १७८६ साली एका देशबांधवाने आपल्या गुलाम मुलाविषयी सल्ला विचारला असता, विषय न काढता गप्प राहणेच बरे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिलेले आहे. जेम्सलाही ते ठाऊक नसेल असे मानता येत नाही. शहरात मुक्त झालेले कृष्णवर्णीय होते, त्याला भाषा येत होती, हाती कसब होते. शिवाय १७८९ च्या जुलैत बॅस्टिलचा तुरुंग पडला आणि समतेच्या घोषणा रस्तोरस्ती ऐकू येऊ लागल्या. तरीही त्या वर्षाच्या शरद ऋतूत तो जेफर्सनबरोबर परत निघाला. बरोबर त्याची धाकटी बहीण सॅली होती. ती १७८७ साली जेफर्सनच्या मुलीची सोबत म्हणून पॅरिसला आली होती. तिच्या एका मुलाने पुढे १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत म्हटले आहे की आपल्या होणाऱ्या मुलांना मुक्त करण्याचे वचन घेऊनच ती परतायला तयार झाली. जेम्स मात्र परतला तो आईच्या आणि भावंडांच्या ओढीने, की त्यालाही काही शब्द मिळाला होता म्हणून? आई आणि भावंडे सारी माँटिसेलोवर होती, आणि पॅरिसमधील स्वातंत्र्याची किंमत त्या सर्वांना कायमचे अंतरणे ही होती. एवढे एकच कारणही पुरेसे आहे.

परतल्यावर जेफर्सन परराष्ट्रमंत्री झाला. जेम्स त्याच्याबरोबर प्रथम न्यूयॉर्कला आणि नंतर फिलाडेल्फियाला गेला. न्यूयॉर्कमध्ये मेडन लेनवरील घरी १७९० च्या जून महिन्यात जेफर्सनने अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जेम्स मॅडिसन या दोन प्रतिस्पर्ध्यांना जेवायला बोलावले. राज्यांची युद्धकर्जे मध्यवर्ती सरकारने आपल्या शिरावर घ्यावीत आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यावी, हा सुप्रसिद्ध समझोता त्या टेबलावर झाला. वॉशिंग्टन शहर आज जेथे आहे त्याचे एक कारण ते जेवण होय. या घरचा मुदपाकखाना जेम्सकडे होता. अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते जेवण वर्षानुवर्षे आहे. आचारी त्यात अलीकडे आला.

फिलाडेल्फियाचे वातावरण निराळे होते. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. शहरात मुक्त कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती, त्यांचे व्यवसाय होते, संस्था होत्या. जेम्स बाजारात जाई, पैसे हाताळी, या लोकांत वावरे. १७९३ साली जेफर्सनने मंत्रिपद सोडून माँटिसेलोला परतण्याचे ठरवले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. १५ सप्टेंबर १७९३ रोजी जेफर्सनने एक करारपत्र लिहून दिले. जेम्सला पाककला शिकवण्यासाठी आपण फार खर्च केला आहे. त्याने माँटिसेलोला येऊन आपण नेमून देऊ त्या माणसाला चांगला आचारी म्हणून तयार करावे. ते झाले की त्याला मुक्त करण्यात येईल, असा त्या कागदाचा आशय आहे. ज्याने लोकांच्या जन्मसिद्ध समतेचे शब्द जगाला दिले, त्याने एका माणसाच्या स्वातंत्र्याचा हिशेब शिकवणीच्या खर्चात मांडावा, यातील विसंगती सांगायला भाष्यकार नको. मात्र जेम्सच्या दृष्टीने पाहिले तर तो लेखी कागद होता. तोंडी शब्दावर विसंबण्याची त्याची तयारी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

जेफर्सनने शिष्य म्हणून निवडला तो जेम्सचा धाकटा भाऊ पीटर. याचा अर्थ असा की जेम्सने आपली मुक्ती मिळवायची ती आपल्या सख्ख्या भावाला त्याच चुलीशी बांधून. दोन वर्षांहून अधिक काळ ही शिकवणी चालली. ५ फेब्रुवारी १७९६ रोजी मुक्तिपत्रावर सही झाली. जेफर्सनने आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. त्याच्या हयातीत कायदेशीर कागदाने मुक्त झाले ते दोघेच, १७९४ साली रॉबर्ट आणि १७९६ साली जेम्स. महाभारतातील भीमाला विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन एक वर्ष काढावे लागले. जेम्सला मुक्तिपत्र हाती यायला तीस वर्षे लागली होती.

मुक्त झाल्यानंतर पंधरा दिवसांनी, २० फेब्रुवारी रोजी, जेम्सने माँटिसेलोच्या मुदपाकखान्यातील भांड्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. ही यादी आजही जपलेली आहे. झाकणांसह एकोणीस तांब्याची पातेली, मासे शिजवण्याची लांबट भांडी, साचे, वॅफलची लोखंडी यंत्रे, खलबत्ते, लाटणी, लाकडी चमचे, पाच अ‍ॅप्रन, अशी ती निवांत उतरत जाते. अक्षर वळणदार आहे, शुद्धलेखन थोडे अडखळते. त्याचे चित्र कोणी काढून ठेवले नाही. त्याची ओळख म्हणून उरला आहे तो हा कागद. फ्रान्सहून जेफर्सनचे सामान आले होते ते शहाऐंशी पेट्या भरून, आणि तांब्याची ही भांडी त्याच वैभवाचा भाग होती. कोणते भांडे कशासाठी हे त्या घरात जेम्सइतके कोणाला ठाऊक होते?

त्याने केलेल्या पदार्थांपैकी हिमअंडी म्हणता येतील असा एक गोड पदार्थ त्याच्या नावासह जेफर्सनच्या नातींच्या पाककृतीसंग्रहात उरला आहे. अंड्यातील पांढरे इतके घोटायचे की भांडे उपडे केले तरी खाली पडू नये. त्यात साखर आणि सुगंधी पाणी घालून त्याचे चमचाभर गोळे मंद उकळणाऱ्या दुधात सोडायचे, उलटून निथळून घ्यायचे, आणि त्याच दुधात बलक घालून दाट झालेले कस्टर्ड त्यांवर ओतून थंडगार वाढायचे. साखर, दूध आणि अंडी, बाकी काही नाही. सारे कसब आचेचे आहे. दूध क्षणभर जास्त तापले की बलक फुटतो. विटांच्या ओट्यावरील शेगडी येथे उपयोगी पडते.

दुसरा पदार्थ चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीचा. याविषयी अमेरिकेत दोन टोकांच्या दंतकथा आहेत. जुनी म्हणते की तो जेफर्सनने शोधला; नवी म्हणते की जेम्सने. दोन्ही खऱ्या नाहीत. युरोपात चीज आणि शेवयांसारखा पदार्थ एकत्र शिजवण्याची पद्धत मध्ययुगापासूनची आहे आणि अठराव्या शतकातील इंग्रजी पाकग्रंथांतही ती सापडते. मात्र इटलीहून मॅकरोनीचा साचा मागवण्याची हौस जेफर्सनची आणि तो पदार्थ व्हर्जिनियातील मेजावर रोजच्या सवयीने उतरवणारे हात हेमिंग्ज बंधूंचे, एवढे म्हणता येते. १८०२ साली राष्ट्राध्यक्षांच्या निवासात मॅकरोनीचा पाय खाल्लेल्या एका काँग्रेस सदस्याला तो मुळीच रुचला नाही, अशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. १८२४ साली जेफर्सनच्या जावयाची बहीण मेरी रँडॉल्फ हिने व्हर्जिनियाच्या गृहिणीसाठी लिहिलेला प्रसिद्ध पाकग्रंथ निघाला; त्यात मॅकरोनी आणि चीजचे थर देऊन भाजण्याची कृती आहे, भेंडीचा गम्बो आहे, आणि आपल्याला गंमत वाटावी असा पूर्वेकडील हिंदी पद्धतीच्या करीचा प्रकारही मसाल्यासह दिलेला आहे. इंग्रजांमार्फत हळद-धने तेथवर पोहोचले होते. मॅकरोनी-चीज आज दक्षिणेत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, रविवारच्या आणि सणाच्या जेवणात मानाचा पदार्थ आहे. वाड्यातील मेजावरून तो तेथे गेला तो स्वयंपाकघराच्या मागील दाराने, आचाऱ्यांबरोबर.

मुक्तीनंतर प्रवासखर्चाचे तीस डॉलर घेऊन जेम्स फिलाडेल्फियाकडे निघाला. १७९७ साली जेफर्सनशी त्याची तेथे भेट झाली, तेव्हा आता स्पेनला जाण्याचा बेत आहे असे त्याने सांगितले. तो दारूच्या आहारी गेल्याची वार्ता आपल्या कानी आली होती, पण ती खरी दिसत नाही, असेही जेफर्सनने मुलीला कळवले. जग पाहिलेल्या, दोन भाषा जाणणाऱ्या माणसाला त्या देशात कोणत्याही शहरात आचाऱ्याखेरीज दुसरी जागा नव्हती. त्या एका जागेतही मान किती मिळे हा प्रश्नच होता.

१८०१ साली जेफर्सन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला आणि त्याला पुन्हा जेम्सची आठवण झाली. जेम्स त्या वेळी बाल्टिमोरमध्ये एका खानावळीत काम करीत होता. तेथील विल्यम एव्हन्स नावाच्या ओळखीच्या खानावळवाल्यामार्फत जेफर्सनने निरोप धाडला. जेम्सने नकार दिला नाही. नोकरीच्या अटी आणि पगार जेफर्सनने स्वतःच्या हाताने लिहून कळवावा, एवढीच त्याची मागणी होती. एकेकाळी करारपत्र मिळाले होते, तसा एक कागद, या वेळी मात्र मुक्त माणसाला मुक्त माणसाने लिहिलेला. तो कागद आला नाही. निरोप मध्यस्थांमार्फतच येत राहिले आणि राष्ट्राध्यक्षांच्या मुदपाकखान्यात ओनोरे ज्युलियाँ नावाचा फ्रेंच आचारी नेमला गेला. एखाद्या आचाऱ्याचा हा हट्ट जेफर्सनला क्षुल्लक वाटला असेल. जेम्सचे सारे आयुष्य पाहता तो क्षुल्लक नव्हता.

त्या उन्हाळ्यात तो माँटिसेलोला आला आणि दीड महिना तेथील चुलीवर राबला. महिना वीस डॉलर प्रमाणे त्याला तीस डॉलर मिळाले. आई तेव्हा हयात होती. सप्टेंबरात तो बाल्टिमोरला परतला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने आत्महत्या केल्याची वार्ता जेफर्सनच्या कानी गेली आणि त्याने चौकशी केल्यावर ५ नोव्हेंबरच्या पत्राने एव्हन्सने ती खरी असल्याचे कळवले. शेवटचे काही दिवस त्याला भ्रम झाला होता आणि दारू हे कारण लोक सांगतात, असे त्यात होते. जेम्स छत्तीस वर्षांचा होता.

माँटिसेलोवर पीटर १८०९ पर्यंत आचारी राहिला. पुढे तो बीअर गाळण्याचे आणि शिवणकामाचे काम करू लागला. त्याच्या जागी ईडिथ फॉसेट आली. वॉशिंग्टनमध्ये ज्युलियाँच्या हाताखाली तिने आणि फॅनी हर्न हिने फ्रेंच पाककला आत्मसात केली होती. १८२४ साली पाहुणा म्हणून आलेल्या डॅनियल वेब्स्टरने तेथील जेवणाची धाटणी अर्धी व्हर्जिनियाची व अर्धी फ्रेंच असल्याचे नोंदवले, ते जेवण ईडिथच्या हातचे. जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी कर्जात बुडालेला असा वारला आणि पुढील जानेवारीत एकशे तीस गुलामांचा लिलाव पुकारला गेला. ईडिथचा अकरा वर्षांचा मुलगा पीटर फॉसेट आईपासून तोडून विकला गेला. मोठेपणी स्वतंत्र झाल्यावर तो सिनसिनाटीला गेला, मेजवान्यांचे जेवण पुरवणारा नामांकित व्यावसायिक आणि पुढे धर्मोपदेशक झाला. १९०० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, तो माँटिसेलो पाहायला परत आला.

जेम्सने जेथे भावाला शिकवले तो जुना मुदपाकखाना दक्षिणेकडील छोट्या इमारतीच्या तळघरात होता. १८०९ च्या सुमारास नवे स्वयंपाकघर झाले आणि जुने मातीने भरून टाकण्यात आले. दोनशे वर्षांनी, २०१७ च्या सुमारास, पुरातत्त्वज्ञांनी ती माती उपसली, तेव्हा विटांची फरसबंदी, चुलाणे आणि त्याच्या शेजारी ओळीने बसवलेल्या शेगड्यांच्या ओट्याचा पाया त्यांच्या हाती लागला.